सगळे गोळे तळाशी

पश्चिम मांबलम, चेन्नई
३ सप्टेंबर

चि. श्रीवत्सास,

आधी आशीर्वाद घे, मग बाकीचं.

पार्सल काल दुपारी पोचलं. सही करायची सोडून मी वरचं नाव इतका वेळ वाचत बसलो की पोस्टमनने विचारलं, "फॉरिन का सार?" मी म्हटलं, मुलाकडून. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. 'अप्पा'मधला जोडाक्षराचा 'प्पा' अजून तसाच मोडका काढतोस. तुझ्या आईने पाटीवर किती गिरवून घेतला होता.

चिठ्ठीत एकच ओळ लिहिली आहेस. "गिंडीच्या पेट्या आठवल्या, म्हणून पाठवतोय." मलाही आठवल्या. एकतीस वर्षं गिंडीच्या त्या कारखान्यात काचेचे हायड्रोमीटर गवतात गुंडाळून पेटीत घातले, एकही फुटू दिला नाही. हे तुला ठाऊक आहेच. तरी लिहून ठेवतो.

तू पाठवलेली काचेची नळी फार सुंदर आहे. पाण्यासारखं काहीतरी, त्यात पाच रंगीत काचेचे गोळे, प्रत्येकाच्या गळ्यात पितळी बिल्ला आणि त्यावर आकडा. पेटीवरच्या चित्रात तीन गोळे वर आणि दोन खाली आहेत. आपल्या घरीही अगदी तसेच आहेत. तीन वर, दोन खाली. चित्रातल्यासारखे.

मी हात लावलेला नाही. जयंतीअक्काची नात रंजनी जूनपासून माझ्याकडे राहते, शोळिंगनल्लूरला कंप्युटरच्या कंपनीत आहे. तिनेच पार्सल उघडलं, तिनेच नळी देवाच्या खोलीतल्या फळीवर ठेवली. मी दारात उभा होतो. ती फोटो काढून तुला पाठवते म्हणत होती, पण मी नको म्हटलं. काचेवर फ्लॅश पडलेला बरा नाही.

एक सहज विचारतो. म्युनिकला तुझ्याकडे पेटीत घालताना गोळे वर होते ना?

फोन करू नकोस असं नाही. पण फोनवर आपण दोघंही मोठ्याने बोलतो. पत्रात आवाज चढत नाही.

जेवण वेळेवर घेत जा.

अप्पा


३ ऑक्टोबर

चि. श्रीवत्सास,

तुझं पत्र आलं, दोन पानं! रंजनीला दाखवलं. तिला मराठी वाचता येत नाही, तरी तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "ताता, दोन पानं म्हणजे राग गेला." मला ती ताताच म्हणते, तमिळ मुलांसारखी. आजोबा म्हण, असं मी दोनदा सांगून पाहिलं.

तू विचारलंस, नळी आज किती डिग्री दाखवते. तू सांगितल्याप्रमाणे वाचलं. वर तरंगणाऱ्या गोळ्यांतला सगळ्यात खालचा घ्यायचा, त्याच्या बिल्ल्यावरचा आकडा ती खोलीची डिग्री. तर तो आकडा बावीस आहे. चित्रातही बावीसच आहे. काळजी करू नये.

बाकी इथे उन्हाळा काही संपत नाही. दुपारी पंखा पाचवर ठेवला तरी सदरा पाठीला चिकटतो. काल टी. नगरला चपलेचा अंगठा शिवायला गेलो आणि येताना बसमध्ये घेरी आली. एका बाईने उठून जागा दिली. घरी येऊन तीन लोटे पाणी प्यालो.

रंजनीला विचारलं, काचेच्या गोळ्याला बारीक तडा गेला आणि आत पाणी शिरलं, तर तो बुडेल का. ती म्हणाली, बुडेल. मी म्हटलं, पाचही एकदम? ती माझ्याकडे बघतच राहिली. हे मी आपलं ज्ञानासाठी विचारलं. आपल्या नळीचा काही संबंध नाही.

दत्ताजी आठवतो ना? कारखान्यात काच फुंकायचा, तुला फुग्यासारखे गोळे करून द्यायचा. सैदापेटला असतो. त्याला एकदा येऊन जा म्हटलंय. बरेच दिवस भेट नाही म्हणून.

अप्पा


२० ऑक्टोबर

चि. श्रीवत्सास,

हे पत्र मोठं होणार आहे. बसून वाच.

मी तुला दोन पत्रांत खोटं लिहिलं. नळी आली त्या घटकेपासून पाचही गोळे तळाशी आहेत. एकही वर आला नाही, एक दिवससुद्धा. बावीस मी चित्रावरून लिहिलं.

मला वाटलं, फुटली. पार्सल आलं तेव्हा रंजनी ऑफिसात होती. ती येईपर्यंत मला दम निघाला नाही, म्हणून पेटी कानाशी धरून थोडी हलवली. एकदाच. मग ती उघडली तर सगळे गोळे खाली. चार वर्षांनी मुलाने काही पाठवावं आणि म्हाताऱ्याने ते पहिल्याच दिवशी हलवून मोडावं! तू म्हणशील, अप्पांना हात लावल्याशिवाय राहवत नाही. रात्र रात्र हेच डोक्यात. रंजनीला सांगितलं, ते मुळात असेच असतात. ती शिकलेली मुलगी, हो म्हणून कामाला लागली. नंतर कळलं की तिला खरं कारण पहिल्या दिवशीच उमगलं होतं. मी घाबरलोय आणि तुला बावीस लिहिलंय, हे आज मी सांगेपर्यंत तिला माहीत नव्हतं, म्हणून गप्प होती.

आज रविवार. सकाळी दत्ताजी काठी टेकत आला. अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली त्याला, दम लागतो, पण काच हातात घेतली की बोटं अजून जागी आहेत. भिंग लावून एकेक गोळा पाहत होता. मी परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा उभा.

"फुटलाय का?" मी विचारलं.

"हो."

"कुठला?"

"तू. तूच फुटलायस. गोळे धडधाकट आहेत."

"अरे, सगळे बुडालेत, दत्ताजी!"

"बुडणारच. हा हिरवा सगळ्यात हलका, त्याच्यावर किती लिहिलंय? सव्वीस. आणि या खोलीत आहेत बत्तीस. त्याने तरंगायचं कशावर? तुझ्या टकलावर?"

मला कळेना. तेव्हा तो म्हणाला, "बालाजी, पेट्यांवर काय चिकटवायचास तू?"

"लेबल."

"लेबलवर काय असायचं?"

"सत्तावीस डिग्री."

"किती वर्षं चिकटवलंस?"

"एकतीस."

"आणि एकदाही विचारलं नाहीस, कशाला?"

स्वयंपाकघरातून रंजनीचं हसू ऐकू आलं. मी म्हटलं, "पेटीवर असतं म्हणून." तर दत्ताजी कपाळाला हात लावून खालीच बसला.

मग त्याने रंजनीला बादली आणायला लावली. नळी बादलीत उभी केली, गळ्यापर्यंत पाणी, आणि फ्रिजमधला बर्फ चमच्याने थोडा थोडा. मी म्हटलं, घाल ना भराभर. तो ओरडला, "एकदम नको, काच दचकते! तू लांब बस. हात मांडीखाली घे." मी खरंच हात मांडीखाली घेऊन बसलो, शाळेत बसायचो तसा.

पंधरा मिनिटं काही नाही. मग हिरवा गोळा जरासा हलला. उठू का नको असं करत राहिला, आणि निघाला तो सरळ वर. श्रीवत्सा, त्याला कोणी हात लावला नव्हता. मग पिवळा गेला. मग बऱ्याच वेळाने निळा, अर्ध्यावर थांबून थांबून. रंजनीने बिल्ला वाचला आणि टाळी वाजवली. "ताता, तुमचं बावीस आलं!"

मी कॉफी करायला म्हणून आत गेलो आणि फिल्टरमध्ये पावडर दोनदा घातली. दत्ताजीने ती कडू कॉफी नावं न ठेवता प्यायली. त्याने असं कधी केलेलं नाही.

त्याने समजावलं ते माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर तू दुरुस्त कर. नळीतलं पातळ द्रव्य तापलं की फुगतं. वजन तेवढंच राहतं, पण जागा जास्त लागते. म्हणजे एका वाटीत पूर्वी जेवढं मावायचं त्याहून जरासं कमी मावतं, आणि ती वाटी हलकी भरते. द्रव्य असं हलकं झालं की गोळ्याला तोलून धरण्याचं बळ त्यात उरत नाही. गोळा आहे तेवढाच जड आहे, तो काही बदललेला नाही, पण तो बुडतो. गार झालं की द्रव्य आकसतं, वाटीत जास्त मावतं, ते घट्ट होतं आणि गोळ्याला उचलतं. प्रत्येक गोळ्याचं वजन केसाएवढं वेगळं ठेवलेलं आहे, म्हणून ते एकदम न बुडता एकामागून एक बुडतात. दत्ताजी म्हणतो, असं वजन साधणारा माणूस भेटला तर त्याच्या पाया पडेन.

सत्तावीसचंही तेच. हायड्रोमीटर किती बुडतो यावरून दूध किंवा आम्ल किती दाट ते कळतं. पण तेच दूध तापलं तर तो जास्त बुडणार आणि चांगल्या दुधाला पाणी घातलेलं म्हणणार. म्हणून लेबल. सत्तावीस डिग्रीला मोजाल तर मी खरं बोलेन, नाहीतर नाही, असं तो बिचारा प्रत्येक पेटीवर सांगत होता. सांगणारं लेबल मीच चिकटवत होतो.

तू तिसरीत होतास. शनिवारी माझा डबा घेऊन गिंडीला यायचास. एकदा विचारलंस, "अप्पा, सत्तावीस कशाला?" मी म्हटलं, पेटीवर असतं म्हणून. तू पुन्हा विचारलंस तर मी डोळे वटारले. मला माहीत नव्हतं रे. आठवी नापास माणसाला "मला माहीत नाही" म्हणणं सगळ्यात जड जातं.

आणखी एक आठवलं. आपल्याकडे तिळाच्या तेलाचा पाच लिटरचा डबा यायचा, अरुंद तोंडाचा. तुझी आई मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या गारव्यात, तो काठोकाठ भरून ठेवायची आणि उन्हाळ्यात फळीवर तेलाचं कडं उमटायचं. दर वर्षी मी तिला बोलायचो, सांडतेस, हात धड नाही. ती म्हणायची, "मी नाही सांडलं, तेल आपणच वर आलं." मी म्हणायचो, तेलाला काय पाय आहेत? तिचंच खरं होतं. हे तिला सांगता येत नाही. म्हणून तुला सांगतो.

आता शेवटचं. ते लिहायला तीनदा पेन ठेवलं.

म्युनिकला तुझ्या न्हाणीघरातल्या हीटरचं बटण मीच फिरवलं होतं. भर हिवाळ्यात आपण दोन दिवस तुझ्या मित्राकडे गेलो ना, तेव्हा. गावाला जाताना गॅस, दिवे, नळ, सगळं बंद करून कुलूप तीनदा ओढून बघायचं ही आपल्या घरची रीत. तू खाली गाडीत बसला होतास. मी सगळी बटणं शून्यावर केली, वाफ जावी म्हणून खिडकीही बोटभर उघडी ठेवली. जळत काही राहू नये एवढंच मनात होतं. परत आलो तर पाइप फुटलेला, आणि पाणी खालच्या बाईंच्या छतातून गळतंय. तू विचारलंस तेव्हा मी म्हटलं, "मी हात लावला नाही." तू म्हणालास, "अप्पा, निदान खोटं तरी बोलू नका." तिसऱ्या दिवशी मी विमानात बसलो आणि मग चार वर्षं आपण दोघंही गप्प.

आज रंजनीकडून कळलं की पाणी या बाबतीत सगळ्यांच्या उलटं आहे. बाकीचं गार झालं की आकसतं, पाणी मात्र बर्फ होताना फुगतं आणि लोखंडसुद्धा फोडतं. मला हे माहीत नव्हतं. पण बटण मी फिरवलं, हे मला माहीत होतं.

आता तुला काय वाटायचं ते वाटो. बादलीतून काढल्यावर तासाभरात तिन्ही गोळे पुन्हा खाली गेले, आधी निळा, मग पिवळा, मग हिरवा. पण मला वाईट वाटलं नाही. दत्ताजीने नळी हॉलच्या खिडकीत ठेवली आहे.

अप्पा


१४ नोव्हेंबर

चि. श्रीवत्सास,

तुझं उत्तर नाही. दिवाळी गेली. पत्राला जायला पंधरा दिवस लागतात, यायला पंधरा, म्हणजे अजून वेळ झालेला नाही, हे रंजनीने कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं. तरी पोस्टमन दिसला की मी जिन्यात उतरतो. आता तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

वाटतं, बटणाचं लिहायला नको होतं. मग वाटतं, नसतं लिहिलं तर नळीचं तरी कशाला लिहायचं. दत्ताजीला विचारलं. तो म्हणाला, "काच एकदा फुंकली की तोंडात परत घेता येत नाही. गप बस."

पाऊस चांगला झाला. गच्ची गळत नाही. तुझ्या खोलीतली गादी उन्हात घातली होती, तेवढ्यात सर आली. पुन्हा वाळवतोय.

गोळे तळाशीच. रोज पाहतो. हात लावत नाही.

अप्पा


६ डिसेंबर

चि. श्रीवत्सास,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमनने जिना चढून वर आणून दिलं, माझे गुडघे बघून.

आधी मी ते देवापुढे ठेवलं, मग उघडलं. चार वेळा वाचलं. तुझ्या काही ओळी मी इथे पुन्हा लिहितो, कारण मला त्या लिहून बघायच्या आहेत.

"अप्पा, चेन्नईत ऑक्टोबरमध्ये बावीस डिग्री आणि त्याच पत्रात तीन लोटे पाणी! ऑफिसात वाचलं आणि एकटाच हसलो. पण हसू नंतर आलं. आधी लाज वाटली. मी अठरा ते सव्वीसची नळी चेन्नईला पाठवली. आपलं घर किती गरम असतं हे मी विसरलो. अठरा वर्षं त्याच घरात राहून विसरलो."

आणि पुढे: "बटण तुम्ही फिरवलंत हे मला त्याच रात्री कळलं होतं. घरात आपण दोघंच होतो. राग पाइपचा नव्हता. तुम्ही माझ्यासमोर घाबरलात, मला घाबरून खोटं बोललात, ते बघवलं नाही. लहानपणी मी तुम्हाला घाबरायचो. हे उलटं कधी झालं ते कळलंच नाही. तुम्ही तेव्हा हो म्हणाला असतात तर मी शांत राहिलो असतो का? खरं सांगायचं तर, माहीत नाही."

मलाही माहीत नाही. पण तू "माहीत नाही" लिहू शकतोस. मी ते आता, शहात्तराव्या वर्षी, शिकतोय.

मला घाबरवलंस असं मनात ठेवू नकोस. मी पोस्टमनलाही घाबरतो.

चार जानेवारीला येतोस हे वाचून रंजनी स्वतःच म्हणाली, मी मैत्रिणीकडे राहते. मी म्हटलं, कुठे जायचं नाही, तू हॉलमध्ये, तो त्याच्या खोलीत. काही गोष्टी कळव. तिळाचं तेल अजून चालतं का? गादी कडक हवी की मऊ? विमान पहाटे येतं म्हणतोस, तर मी रात्रीच विमानतळावर जाऊन बसू का? रंजनी नको म्हणते. दत्ताजी तिला म्हणतो, बालाजीला बरोबर न्यायचंच असेल तर गवतात गुंडाळून न्या. तो तुझ्यासाठी एक गोळा फुंकणार आहे, पस्तिसावरही तरंगणारा, म्हणजे आपल्या घरात निदान एक तरी वर राहील. घरी भट्टी नाही, जुन्या ओळखीच्या एकाकडे जाणार आहे. मी म्हटलं, नळी बंद आहे, आत कसा घालणार? म्हणाला, "आत कशाला? तांब्यात घालू. दर वेळी तूच का शंका काढायची?"

अप्पा


२९ डिसेंबर, पहाटे

श्रीवत्सा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर ते म्युनिकला पोचेल आणि तू इथे. आलास की वाच.

मार्गळी लागून दोन आठवडे झाले. कोपऱ्यावरच्या देवळाचा कर्णा साडेचारला सुरू होतो. खालच्या जननीमामी दारात मोठी रांगोळी काढायला बसल्या होत्या, डोक्याला पदर घट्ट गुंडाळून. चेन्नईच्या माणसाला एवढी थंडी म्हणजे हिमालय. मी कानाला मफलर बांधून दूध घ्यायला उतरलो, वर आलो, खिडकी उघडी होती ती लावायला गेलो.

हिरवा गोळा वर होता.

एकटाच. बाकीचे चार तळाशी, आणि तो वर, मानेपाशी, जराही न हलता, बिल्ला सरळ लोंबत असलेला. मी चष्मा पुसून पाहिला. सव्वीस. दिवा लावला नाही, दिव्याने तापेल म्हणून. रंजनीला हाक मारली, तीसुद्धा हळू. ती अंथरुणातून उठून आली, माझ्या शेजारी उभी राहिली, आणि तिने आधी माझ्याकडे बघितलं.

"ताता, बर्फ?"

"नाही गं."

"हलवली?"

"नाही!"

मग तिने हात पुढे करून खिडकीतली हवा तपासली आणि हसली. फोटो काढते म्हणाली. मी हो म्हटलं, फ्लॅश न लावता. तो तुला पोचला असेल. पण फोटोत तो गोळा नुसता वर दिसतो. तो रात्री कधीतरी, आम्ही झोपलेले असताना, घर गार झालं म्हणून आपणहून उठला, हे फोटोत दिसत नाही. म्हणून लिहितोय.

आठ वाजेपर्यंत ऊन येईल आणि तो खाली जाईल. जाऊ दे. उद्या येईल, नाहीतर परवा. तू आलास की पहाटे उठव मला, किंवा मी तुला उठवतो. दोघं मिळून बघू. खोलीतला एसी लावू नकोस, त्याने गोळा वर आला तर ते येणं खरं नव्हे.

हे पत्र मी नळीखाली ठेवणार होतो. पण मग नळी उचलावी लागेल. म्हणून शेजारी ठेवतो, तांब्याखाली.

हात लावलेला नाही. या वेळी खरंच.

अप्पा